नमुना

मराठी शिकवणाऱ्याला शब्दांचा नाद सुटत नाही. ‘लघुशंका’ हाच शब्द घ्या. भर सभेतून उठून जाणाऱ्याची अब्रू राखणारा इतका सोज्ज्वळ शब्द दुसरा सापडायचा नाही! पण या सोज्ज्वळपणाचे कर्ज प्रयोगशाळेच्या खिडकीशी फेडावे लागते. डॉक्टरांनी ‘लघवी तपासून घ्या’ म्हटले, की चांगला शिकलासवरलेला गृहस्थ चिठ्ठी मुकाट्याने खिशात घालतो. कशात न्यायची, कशी न्यायची, हे विचारील तर शपथ!

आमच्या शेजारच्या आजोबांनी मधाची रिकामी बाटली विसळून तीतून नमुना नेला. अहवालात साखर आली. घरात आठवडाभर बिनसाखरेचा चहा नि उतरलेले चेहरे. पुढे रक्त तपासले तेव्हा उमगले, की ती साखर आजोबांची नव्हे, मधमाश्यांची!

हे हसण्यावारी नेता येते. पण पहिलटकरीण लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते, तेव्हा येत नाही. गर्भारपणात मूत्रमार्गात जंतू शिरले, तरी कित्येकदा ना जळजळ, ना ताप. तसेच राहिले तर ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात आणि मूल दिवसांआधी जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणून काही त्रास नसतानाही ही तपासणी करतात. बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनी १९५० नंतरच्या दशकात एक खूण ठरवून दिली : मिलिलिटरमागे १ लाख वा अधिक जंतू, तर खरा संसर्ग, थोडके असतील तर बहुधा कातडीवरचे उपरे. ती खूण आजही बरीच मानतात. आता हे उपरे बाटलीत पडले नि बाटली दुपारपर्यंत उन्हाच्या खिडकीत राहिली, तर थोडक्यांचे लाख व्हायला वेळ लागत नाही. मग त्या पोरीला नको ते औषध!

तेव्हा प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक डबी आणावी. अंग पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धरावी. झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये. तासा-दोन तासांत डबी पोहोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. येथे आजींचे सोवळे आडवे येते. दुधाशेजारी हे? अहो, घट्ट झाकण, वर पिशवी, वर डबा. दुधाला काही होत नाही. बाहेर ठेवली तर मात्र जंतू युरियाचा अमोनिया करतात, पेशी विरघळतात आणि मूत्रपिंडाने दिलेली साक्षच पुसली जाते. फ्रिजमध्येही २४ तासांपलीकडे भरवसा धरू नये.

२४ तासांची लघवी मागितली, तर हिशेब उलटा वाटतो खरा : पहिल्या सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या सकाळची त्याच वेळची धरायची.

काही डब्यांच्या तळाशी पांढरी भुकटी असते. ती घाण समजून धुऊन टाकणारे टापटिपीचे लोक निघतात. ती बहुधा बोरिक आम्लाची. सोंगट्या सरकाव्यात म्हणून आपण कॅरमवर टाकतो त्याच जातीची. जंतूंना ती वाढू देत नाही, इतकेच. मात्र डबी रेघेपर्यंत भरावी. लघवी थोडी पडली तर तीच भुकटी जड होते आणि जे खरे जंतू शोधायचे, तेही मरून जातात.