पतपेढीच्या दारात पगारदार

वऱ्हाडातील पगारदाराच्या घरी जून महिना दोन्ही बाजूंनी खर्च घेऊन येतो. एकीकडे महाविद्यालयांचे प्रवेश, वह्या-पुस्तके, वसतिगृहाची अनामत. दुसरीकडे दर्यापूर, अकोट वा मूर्तिजापूरकडच्या गावी वडील किंवा थोरले बंधू कपाशी-सोयाबीनच्या बियाण्यासाठी वाट पाहत बसलेले. अमरावती-अकोल्याचा शिक्षक किंवा कारकून हा पुष्कळदा केवळ नोकरदार नसतो. त्याच्या वेतनावर गावाकडचे एखादे कोरडवाहू शेतही पोसले जात असते. अशा वेळी मुख्य रस्त्यावरील बँकेच्या पायऱ्या न चढता तो आपल्या खात्याच्या पतपेढीत जातो. वेतन ज्या बँकेत जमा होते त्या बँकेत कर्ज मागण्याऐवजी तो सहकाऱ्यांच्या संस्थेकडे का वळतो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

व्याजाचा दर, असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. घरबांधणीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाला बँकेचा दर बहुधा कमी पडतो, आणि हिशेब जाणणारा शिक्षक त्या कामासाठी बँकेतच जातो. शिवाय पतपेढीच्या कर्जातून भागभांडवलापोटी काही रक्कम कापली जाते व ती सभासदत्व असेपर्यंत अडकून राहते. तिच्यावर लाभांश मिळतो हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमाने त्याला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे केवळ आकडेमोड केली तर पतपेढी प्रत्येक वेळी स्वस्त ठरेलच असे नाही. तरीही मुलीच्या लग्नाला, आईच्या शस्त्रक्रियेला किंवा पेरणीला लागणाऱ्या पैशासाठी पगारदाराचे पाय पतपेढीकडेच वळतात. कारण तेथे त्याला आपण कोण आहोत हे सिद्ध करावे लागत नाही.

बँकेत त्याची पत एका आकड्यात सांगितली जाते. तो आकडा दूरच्या शहरातील यंत्राने काढलेला असतो, आणि पाच वर्षांपूर्वी कोण्या दुकानातून हप्त्याने घेतलेल्या शीतकपाटाचा एक हप्ता चुकला असेल, तर तेही तो विसरत नाही. शाखाधिकारी सभ्य असतो, पण दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. पतपेढीच्या संचालक मंडळावर मात्र शेजारच्या केंद्रशाळेचा मुख्याध्यापक असतो. अर्जदार वेळेवर शाळेत जातो की नाही, त्याला कोणते व्यसन आहे काय, गावी शेत खरोखर आहे की नाही, हे त्याला ठाऊक असते. अर्ज मातृभाषेत, एका पानाचा. तातडीचे कर्ज असेल तर पैसा लवकर हाती येतो. लहान माणसाला या सुलभतेचे मोल टक्क्यांहून अधिक वाटले, तर त्यात नवल नाही.

परंतु ओळखीवर सारे चालते असे मानणे हा भाबडेपणा होईल. पगारदारांच्या पतपेढीचा खरा पाया कायद्यात आहे. १९६० च्या अधिनियमाच्या ४९ व्या कलमान्वये सभासद असा करार करून देतो की, संस्थेचा हप्ता त्याच्या वेतनातून परस्पर कापला जावा. आणि संस्थेने मागणी केल्यावर ती कपात करणे हे वेतन देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. पैसा हातात पडण्यापूर्वीच हप्ता वळता होतो. वसुलीसाठी दारात कोणी येत नाही, भाऊबंदांत शोभा होत नाही. बँकेला जे तारणाने साधावे लागते ते येथे वेतनदेयकाच्या एका रकान्याने साधते.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. जर्मनीत शुल्झे-डेलिट्श यांनी १८५० साली कारागिरांसाठी आणि रायफायझेन यांनी १८६० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांसाठी ज्या पतसंस्था काढल्या, त्यांचे सूत्र एवढेच होते की, एकेकट्याला ज्याची पत नाही अशा माणसांनी एकमेकांची पत व्हावे. आपल्याकडे सरकारी कायदा १९०४ साली आला. पण बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८८९ मध्येच उभी राहिली होती. वऱ्हाडाला या विचाराची गरज कोणाहून कमी नव्हती. कापसाच्या पैशाने येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि त्याच कापसावर सावकाराच्या वह्याही भरल्या. मध्यप्रांतात कर्जतडजोडीचा स्वतंत्र कायदा १९३३ साली करावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ मध्ये जे मोजले, त्यात शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून आलेले आढळले. सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि व्यापारी बँकांचा एक टक्काही नव्हता. पुढे १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तालुक्याच्या गावीही बँकेच्या पाट्या लागल्या. शाखा जवळ आली. माणूस मात्र परकाच राहिला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शिक्षकांचा जो मोठा, एकजिनसी वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाला, त्याला आपापसांतला हा व्यवहार अधिक जवळचा वाटला.

या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि पतपेढ्यांचे गुणगान करणारे तिच्याविषयी सहसा बोलत नाहीत. पतपेढीच्या कर्जाला जामीनदार लागतात. एकाच शाळेत शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने कागद पुढे केला तर नाही म्हणण्याचे धैर्य किती जणांत असते? मुख्याध्यापकानेच तो पुढे केला तर विचारायलाच नको. कर्जदार निलंबित झाला, नोकरी सोडून गेला किंवा अकाली वारला, तर कात्री जामीनदाराच्या वेतनाला लागते. बँक आपला धोका व्याजात धरते. पतपेढी तो सहकाऱ्याच्या खांद्यावर ठेवते. ओळखीने मिळणारे कर्ज ओळखीनेच महागही पडते, हे ज्याने दुसऱ्याचे हप्ते भरले आहेत त्यास सांगावे लागणार नाही.

त्याहून गंभीर प्रश्न ठेवींचा आहे, आणि येथे अकोल्याचा इतिहास आठवणे भाग आहे. अकोल्यात मुख्य कचेरी असलेली लक्ष्मी बँक १९६० साली बुडाली. त्याच वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँकही कोसळली. या दोन धक्क्यांनंतर संसदेने ठेव विमा महामंडळाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांना विम्याचे संरक्षण मिळाले. ती मर्यादा वाढत वाढत २०२० मध्ये पाच लाखांवर आली. सहकारी बँकांनाही १९६८ च्या दुरुस्तीने या छत्राखाली येण्याची वाट मोकळी झाली. पतसंस्था मात्र बाहेरच राहिल्या. म्हणजे ज्या गावच्या ठेवीदारांच्या अश्रूंतून ठेव विमा जन्माला आला, त्याच अकोल्यातील निवृत्त शिक्षकाने आपली ग्रॅच्युइटी एखाद्या पतसंस्थेत ठेवली, तर तिला एका रुपयाचाही विमा नाही. अमेरिकेत पतसंघांच्या ठेवींसाठी १९७० पासून स्वतंत्र विमा निधी आहे. आपल्याकडे त्या तोडीचे काही अद्याप नाही.

या ठिकाणी दोन प्रकारांची गल्लत होऊ देता कामा नये. एक पतपेढी पगारदारांची : सभासद एकाच खात्याचे, ठेवी त्यांच्याच, कर्जे त्यांनाच, वसुली वेतनातून. दुसरी नागरी पतसंस्था : रस्त्यावर काचेचे दालन, बँकेहून दोन-तीन टक्के अधिक व्याजाची जाहिरात, आणि कोणीही यावे व नाममात्र सभासद होऊन ठेव ठेवावी. पहिलीत ठेवीदार आणि कर्जदार परस्परांना ओळखतात. दुसरीत ओळखीचा केवळ आभास असतो, कारण घरी येऊन पैसे नेणारा प्रतिनिधी आपल्या गल्लीतला असला तरी ते पैसे कोणाला दिले जातात हे त्यालाही ठाऊक नसते. नागरी संस्थांतही चोख कारभाराच्या संस्था आहेत, हे मान्य करूनही हा भेद पुसता येत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्यीय पतसंस्थेच्या संस्थापकाला २०१५ साली अटक झाली तेव्हा ठेवीदारांना हा भेद फार उशिरा उमगला. नाममात्र सभासदांकडून ठेवी स्वीकारणाऱ्या सहकारी संस्थांविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. तो किती ठेवीदारांनी वाचला असेल, याची शंकाच आहे.

मग पगारदारांची पतपेढी निर्धोक समजावी काय? तिचे रक्षण दोनच गोष्टी करतात : वेतनातील कपात आणि वार्षिक सर्वसाधारण सभा. पहिली आपोआप चालते; दुसरी मात्र सभासदांनी चालवावी लागते. शिक्षक संघटनांची खरी ताकद आंदोलनापेक्षा पतपेढीच्या निवडणुकीत दिसते. दोन-दोन पॅनेले, पत्रके, गावोगाव दौरे! ही लोकशाही जिवंत आहे याचा आनंदच आहे. पण निवडणूक संपून सप्टेंबरात सभा भरली की काय दिसते? सही करावी, भेटवस्तूची पिशवी काखोटीला मारावी आणि परतीची एस.टी. गाठावी. ती भेटवस्तू आपल्याच नफ्यातून आलेली असते, हे लक्षात कोण घेतो? अहवालातील थकबाकीचा आकडा, संस्थेने आपला निधी कोठे गुंतवला आहे तो तक्ता आणि लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग ही तीन पाने वाचायला अर्धा तास पुरतो. लेखापरीक्षकाची नेमणूकही हीच सभा करते. वर्षभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या वर्गाने आपल्या संस्थेचा ताळेबंद न तपासता हात वर करावा, हे शोभणारे नाही.

आणि एक प्रश्न असा की, ज्याला त्या सभेत बसायलाच मिळत नाही त्याचे काय? तीन वर्षे मानधनावर काढणारा शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक, विनाअनुदानित शाळेतील लिपिक, कंत्राटी संगणकचालक, यांची संख्या आज वऱ्हाडातील कोणत्याही शिक्षकदालनात नजरेत भरते. त्यांना कायम वेतन नाही म्हणून पतपेढीत सहसा थारा नाही. बँक तर आकडा पाहून परत पाठवते. उरतो तो सोनेतारणाचा दुकानदार, भ्रमणध्वनीवर मिनिटांत कर्ज देणारा अनोळखी सावकार किंवा गावचा जुना सावकार. पतसंस्थांची चळवळ ज्यांच्यासाठी निघाली ते हेच लोक होते. त्यांच्यासाठी लहान रकमेची, मानधनातून कपातीची आणि गटाच्या सामाईक हमीची योजना पतपेढ्यांना आखता येईल. तीत धोका आहे. पण निवृत्त होत चाललेल्या कायम सेवकांवरच विसंबून राहिल्यास सभासदसंख्या घटत जाईल, हा धोका त्याहून जवळचा आहे. सभासद कोणास करून घ्यावे हे उपविधी ठरवतात, आणि उपविधीत दुरुस्ती करण्याचा अधिकार त्याच सप्टेंबरच्या सभेला आहे. निबंधकाने ती नोंदवली की ती अमलात येते.