मूलपेशीदात्यांच्या नोंदणीसाठी तातडीचे आवाहन

नैरोबी, कंपाला, दार-एस-सलाम, जोहान्सबर्ग इथे नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या आणि पुण्यात आफ्रिकन विद्यार्थ्यांबरोबर शिकणाऱ्या मराठीजनांना ही कळकळीची विनंती आहे. तुमच्या ओळखीच्या आफ्रिकन तरुणांपर्यंत रक्तातील मूलपेशींच्या दानाची माहिती पोहोचवा, आणि याच महिन्यात पोहोचवा.

रक्ताचा कर्करोग किंवा सिकलसेल झालेल्या मुलाला दुसऱ्याच्या मूलपेशी द्यायच्या, तर नुसता रक्तगट जुळून भागत नाही. आपले कोण नि परके कोण, हे रोगप्रतिकारक यंत्रणेला सांगणारी एचएलए नावाची जनुके जुळावी लागतात. ती जुळली नाहीत, तर नव्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरण्याची पद्धत आता आहे, पण ती प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही. बाकीचे अनोळखी दात्याची वाट पाहतात, आणि तो बहुधा त्यांच्याच वंशाच्या लोकांत सापडतो.

इथेच आफ्रिकन रुग्णांची कोंडी होते. माणूस सर्वांत जास्त काळ आफ्रिकेत राहिला आणि बाहेर पडलेल्यांनी तिथल्या जनुकीय विविधतेचा थोडाच भाग सोबत नेला. त्यात पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाशी झुंज. एचएलए-बी 53 हा प्रकार पश्चिम आफ्रिकेत पुष्कळ आढळतो, युरोपात क्वचित. तो असलेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे गांबियातल्या अभ्यासातून 1991 मध्ये पुढे आले. आफ्रिकेतल्या अवघ्या 426 जणांचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तर आधी कुठेही नोंद नसलेले 30 लाखांहून अधिक जनुकीय फरक सापडले. ही 2020 ची गोष्ट. एवढे वैविध्य असलेल्या लोकांना खरे तर सर्वांत मोठी दातासूची हवी. आज त्यांचीच सर्वांत अपुरी आहे.

अमेरिकेच्या सूचीवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या गोऱ्यांना 75 टक्के, तर आफ्रिकन-अमेरिकनांना 19 टक्के होती. दक्षिण आशियाई लोकांना 33 टक्के. म्हणजे आपलीही स्थिती फार बरी नाही. तेव्हा मित्राला सांगताना स्वतःचेही नाव नोंदवा.

नोंदणी सोपी आहे. कापसाचा बोळा असलेली काडी गालाच्या आतल्या बाजूने थोडा वेळ फिरवायची, पाकिटात घालायची, फॉर्म भरायचा. पुढे कधी जुळणी झालीच, तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात. मग काही तास खुर्चीत बसायचे. एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात, उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. अंग दुखते, डोके दुखते, थोड्या दिवसांत थांबते. कधी कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. पाठीच्या कण्यात सुई खुपसतात ही भीती सगळीकडे पसरलेली आहे आणि ती निराधार आहे. हे समोर बसून समजावून सांगा.

एक मात्र हात जोडून सांगतो. उत्साहाच्या भरात नाव देऊन ऐन वेळी माघार घेऊ नये, घेऊ देऊ नये. प्रत्यारोपणाआधी औषधे देऊन रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर दात्याने नकार दिला, तर ते मूल मृत्यूच्या दारात उभे राहते. म्हणून विचार करायचा तो नोंदणीपूर्वी.

कारखाना, दुकान चालवणाऱ्यांनी आपल्या कामगारांवर दबाव आणू नये. हे दान स्वेच्छेचे आणि बिनमोबदल्याचे आहे. नमुन्याचे पुढे काय होणार, असे कोणी विचारले तर त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवे. बाहेरचे लोक येऊन रक्त-लाळ घेऊन गेले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत, असा अनुभव आफ्रिकेने घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सॅन लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली, ती उगाच नाही.

दक्षिण आफ्रिकेत डीकेएमएस आफ्रिका आणि भारतात दात्री या संस्था नोंदणी करतात. वयाची आणि रहिवासाची अट प्रत्येक संस्थेची वेगळी, ती आधी विचारून घ्या. तुमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात रक्तदान शिबिर होत असेल, तर त्याच मांडवात या नोंदणीचेही एक टेबल मांडा आणि शेजारपाजारच्या आफ्रिकन कुटुंबांना अगत्याने बोलवा. किट आणि प्रशिक्षित माणसे यायला वेळ लागतो, म्हणून संस्थेला आजच पत्र लिहा.