महादेवी रडली. पण बोलली कुणाशी?

जुलै 2025 च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एकच विषय होता. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे लोकांची लाडकी माधुरी, 'वनतारा'च्या गाडीतून जामनगरला निघाली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाली ठरलेलं वाक्य : "मुक्या जनावरालाही सगळं कळतं हो!"

या वाक्याशी माझं भांडण आहे. एक तर ती मुकी नाही. आणि 'सगळं कळतं' याचा अर्थ आपल्याला जे वाटतं तेच तिलाही वाटतं, असा होत नाही.

आधी अश्रूंचं बघू. आपल्या डोळ्यातलं पाणी एका नळीतून नाकात उतरतं, म्हणून रडलं की नाकही वाहतं. हत्तीला ही नळीच नसते. डोळा ओला ठेवणारं पाणी एरवीही गालावरून ओघळतं. ती दुःखी नव्हती असं मी म्हणत नाहीये. गालावरचं पाणी हा पुरावा होत नाही, एवढंच. लॉगमधली एक ओळ बघून "बग सापडला!" म्हणणाऱ्या पोराला आपण टीममध्ये काय सांगतो? तेच इथे. आणि जामनगरहून आलेल्या व्हिडिओत सोंड हलताना दिसली म्हणून "बघा, किती खूश आहे" म्हणणारेही त्याच शाळेतले.

आता मुकेपणाचं. 1984 मध्ये केटी पेन या संशोधक बाई अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणीसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ बसल्या होत्या. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण हवेत धडधड जाणवत होती. रेकॉर्डिंग केलं, वेग वाढवून ऐकलं, आणि कळलं की हत्ती आपापसात बोलतायत. आवाज 20 हर्ट्झच्या खाली, म्हणजे आपल्या कानांच्या मर्यादेबाहेर. 2024 मध्ये केनियातल्या आफ्रिकन हत्तींच्या 469 हाकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हत्ती एकमेकांना नावासारख्या वेगवेगळ्या हाका मारत असावेत, असा त्याचा निष्कर्ष. स्वतःला उद्देशून मारलेली हाक स्पीकरवर ऐकवली की तो हत्ती जास्त चटकन प्रतिसाद देत होता.

तर मुकं कोण? आपल्याला ऐकू येत नाही, हा दोष तिचा कसा?

"पण ती माणसांत रमली होती ना राव!" हा पुढचा युक्तिवाद. त्याला उत्तर कोरियात आहे. दक्षिण कोरियातल्या एव्हरलँड प्राणीसंग्रहालयात कोशिक नावाचा आशियाई हत्ती आहे. हा गडी सोंड तोंडात घालून कोरियन शब्द बोलतो. पाच शब्द : नमस्कार, बस, आडवा हो, नाही, छान. 2012 मध्ये त्याच्यावर शोधनिबंध आला. तो "बस" म्हणतो, पण समोरच्याने बसावं अशी त्याची अपेक्षा दिसत नाही. मग शिकला कशाला? लहानपणी जवळजवळ पाच वर्षं तो तिथे एकटाच हत्ती होता. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून जो होता त्याची भाषा उचलली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

लोक हा व्हिडिओ बघून टाळ्या वाजवतात. मला तो बघवत नाही.

महादेवी 1992 पासून मठात होती. तेहेतीस वर्षं! माणसं भरपूर, प्रेमही भरपूर, पण सोबतीला दुसरा हत्ती नाही. लोकांचं प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणू नये. 3 ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेले, दोन लाखांवर सह्या झाल्या, पटापट सिमकार्डं पोर्ट झाली. उद्योगपतींवर राग असेल तर जरूर भांडा, कोर्टाचा निकाल पटला नसेल तर दाद मागा. पण ते भांडण आपलं आहे. ते हत्तिणीच्या तोंडी घालू नका.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडलेलं नाही. 2007 मध्ये जोतिबाला दिलेला 'सुंदर' हत्ती आठवतोय? तोही कोर्टकचेऱ्या होऊन जून 2014 मध्ये बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला गेला. तिथे दुसरे हत्ती होते. पण आपली चर्चा काय? मंदिर, आमदार, कोर्ट, 'पेटा'. सगळी माणसंच.

ऑगस्ट 2025 मध्ये नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायचा प्रस्ताव पुढे आला. तलाव, दवाखाना, मऊ जमीन, सगळं हवंच. पण माझ्या लेखी या प्रोजेक्टची पहिली रिक्वायरमेंट एकच : तिच्यासोबत दुसरे हत्ती किती? उत्तर शून्य असेल, तर ते केंद्र नांदणीत असो, जामनगरात असो नाहीतर स्वर्गात, माझा विरोध आहे.

तिला आपलं बोलणं कळतं का, हे विचारणं आता पुरे. तिचं बोलणं कळेल असं तिच्याजवळ कुणी आहे का, ते विचारा.