वजन बरोबर, पण कंबर?



तळीयेचं नाव बाकीच्या महाराष्ट्राने २२ जुलै २०२१ च्या दरडीच्या बातमीत ऐकलं. महाड-पोलादपूरच्या लोकांना हा सगळा पट्टा माहीत आहे तो चढणीच्या वाटांसाठी. पाणी आणायला चढ, शेतावर जायला उतार, बाजाराला जायचं तर दोन्ही. त्यामुळे इथल्या माणसाचं अंग काटक आणि हातपाय सडपातळ. मधुमेह म्हणजे जाड्या लोकांचा, शहरातल्या लोकांचा आजार, ही समजूत आपल्या घरांतून इतकी पक्की बसली आहे ती त्यामुळेच.

आमच्या नात्यातल्या एका चाचांचीही हीच समजूत होती. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६१ किलो. तरुणपणी शेतीत राबलेले, पुढे वीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले. वजन मात्र लग्नात होतं तेवढंच, हे ते अभिमानाने सांगत. मग एका पावसाळ्यात चप्पल लागून पायाला जखम झाली आणि दीड महिना भरेना. रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटी साखर २१० निघाली. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. चाची आजही विचारतात, “यांचं वजन तर कधी वाढलंच नाही, मग हे आलं कुठून?”

चाचींच्या या प्रश्नाचं उत्तर आज शोधू या.

दवाखान्यात वजन-उंची घेऊन डॉक्टर कागदावर एक आकडा लिहितात, त्याला बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स म्हणतात. तो काढणं सोपं आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचं आणि जो आकडा येईल त्याने किलोतल्या वजनाला भागायचं. चाचांची उंची १.६५ मीटर. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. ६१ भागिले २.७२ म्हणजे साधारण २२.४. जगभरच्या तक्त्यात १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन कमी, १८.५ ते २४.९ म्हणजे ठीक, २५ पासून जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. या हिशेबाने चाचा अगदी ठणठणीत!

हा हिशेब कुठून आला ते पाहिलं म्हणजे त्यातली उणीव कळते. बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले हे खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १८३० च्या दशकात हे सूत्र मांडलं. ते डॉक्टर नव्हते. हजारो माणसांची मापं घेऊन ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेचे अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. म्हणजे हे माप मुळात समूहासाठी आहे. गावाचा अंदाज त्याने चांगला येतो. पण एका माणसाच्या ६१ किलोंत स्नायू किती, हाडं किती आणि चरबी किती, हे तो आकडा सांगत नाही. गोणी उचलणारा हमाल २६ वर असून धडधाकट असू शकतो आणि गल्ल्यावरचा माणूस २२ वर असून आजारी.

ही गोष्ट साऱ्या जगाला दाखवून दिली ती आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा सहकाऱ्यांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी यंत्राने मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो या आकड्यांसह छापून आला. सोबत एक मिश्कील कबुलीही होती : युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी गाठण्यापुरतीच. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी पहिलं अक्षर ‘वाय’, म्हणून हे उदाहरण ‘वाय-वाय’ कोडं म्हणून ओळखलं जातं.

पण सगळा दोष लिफ्टवर टाकता येत नाही. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं होतं साधारण साडेतीन किलो. आपली बाळं वजनाला हलकी, स्नायूंनी बारीक. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश, आतून चरबीदार. आपल्या अंगाची ही ठेवण आईच्या पोटातच सुरू होते, असं या अभ्यासातून पुढे आलं.

त्यात आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट आहे. ज्या बायांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं अधिक भरलेली होती. गरोदरपणात कष्टाची कामं जास्त पडली, त्यांची बाळं लहान. सुनेच्या ताटात भाजी वाढणं आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवणं हा नुसता लाड नव्हे. त्यात पुढच्या पिढीच्या आरोग्याचाही वाटा आहे.

आता चाचींच्या प्रश्नाकडे येऊ. खाल्लेल्या अन्नातली साखर सर्वांत जास्त वापरतात ते स्नायू. स्नायू कमी असले आणि ते बसून राहिले, तर साखर रक्तात रेंगाळते. त्यात पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठली की इन्सुलिनचं काम आणखी अडतं. चाचांचं शेत सुटलं तसे दंड-मांड्या उतरल्या आणि तेवढंच वजन पोटावर चढलं. काट्याला त्यातलं काहीच कळलं नाही. त्याने प्रत्येक वेळी ६१ च दाखवलं.

म्हणून भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी हद्द खाली आणली आहे. आपल्याकडे बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. चाचांच्या उंचीला २३ ची रेघ ६२ किलो ६०० ग्रॅमवर येते, म्हणजे ते काठावरच होते. ५ फूट उंचीच्या म्हणजे १५२ सेंटिमीटरच्या एखाद्या खालाचं वजन ५८ किलो असेल तर बीएमआय २५.१ होतो. बघणारे म्हणतील, अंगाने बरी आहे. आपल्या तक्त्यात मात्र ती लठ्ठपणाच्या रेघेपलीकडे गेलेली असते.

याहून सोपं आणि खरं माप आहे कंबरेचं. त्याला शिवणाच्या डब्यातली टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कंबरेचं वरचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप सरळ धरायची. श्वास साधा सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांचं माप ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांचं ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, याहून कमी हवं. पँटचा नंबर सांगून भागत नाही, कारण पोट सुटलं की पट्टा त्याच्या खाली सरकतो आणि नंबर तोच राहतो! आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरायला येतात तेव्हा त्यातही कंबरेचं माप असतं. घाईत ‘लिहा काहीतरी’ म्हणू नका, टेप लावू द्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता आणि जवळपास १९ टक्के बायांचा १८.५ पेक्षा कमी. ही दोन्ही माणसं एकाच घरात असू शकतात : सुटलेल्या पोटाची सासू आणि सर्वांनंतर उरलंसुरलं खाणारी सून. १५२ सेंटिमीटर उंचीची मुलगी ४१ किलोची असेल तर तिचा बीएमआय १७.७ येतो. निकाहाच्या बोलणीत ‘नाजूक’ म्हणून तिचं कौतुक होतं. त्याऐवजी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि हे तक्ते मोठ्यांसाठी आहेत. मुलांना आणि गरोदर बायांना ते लावू नयेत.

मग करायचं काय? वजन ठीक आणि पोट मोठं, अशा माणसाने उपाशी राहून किलो उतरवू नयेत. त्याने उरलेसुरले स्नायूही जातात. पोट कमी आणि हातपाय बळकट, हे ध्येय ठेवावं. रोज अर्धा तास भरभर चालणं, जिथे चढ आहे तिथे चढ. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, हेही चालतं. ताटात भात किंवा तांदळाच्या भाकऱ्या थोड्या कमी आणि त्या जागी मच्छी, अंडी, डाळ, भाजी. दिवसाचे पाच चहा असतील तर साखर पाच वेळा मोजा. नबी करीम (सल्ल.) यांनी पोटाचे तीन भाग सांगितले : एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला. दावतीत बिर्याणीचं ताट समोर आलं की आपल्याला तिसरा भाग आठवत नाही, इतकंच.

तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने, अंगाने कसाही असो, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. सरकारी उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात ही सोय आहे. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली हवी. १०० ते १२५ म्हणजे सावध होण्याची वेळ, आणि पुन्हा तपासूनही १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह. आई-वडिलांना मधुमेह असेल तर टाळाटाळ नकोच. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलावं. रोजासाठी औषध आपल्या मनाने बंद करू नये. आजाऱ्याला सवलत दीनने दिलेली आहे.

चाचा आता रोज फज्रनंतर चालतात, पाय रोज उजेडात पाहतात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, “त्या काट्यावर विश्वास ठेवला नसता तर बोट वाचलं असतं.” काट्याचा दोष नाही, चाचा. त्याला जेवढं विचारलं, तेवढं त्याने सांगितलं. शरीर ही अल्लाहची अमानत. तिचा हिशेब एका आकड्यावर सोडून चालणार नाही. या जुम्याला घरातली टेप काढा आणि आजोबांपासून सुनेपर्यंत सर्वांची कंबर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो. आमीन.