‘वेळणेश्वर’मध्ये अक्षरे किती?

पायथन या संगणकभाषेला ‘वेळणेश्वर’ या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते ९. हाच शब्द सी भाषेतल्या लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ला दिला, तर बहुतेक संगणकांवर २७. गुहागर तालुक्यातल्या शाळकरी पोराला विचारले, तर ते बोटांवर मोजत सांगेल: वे, ळ, णे, श्व, र. पाच! तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मात्र हा घोळ कधी उभाच राहत नाही, कारण तिथे उदाहरणाला असतो इंग्रजी ‘हॅलो’. त्याची लांबी कुणीही कशीही मोजली, तरी पाचच भरते.

गुहागर तालुक्यातले हे वेळणेश्वर म्हटले की लोकांना शंकराचे देऊळ, माड आणि स्वच्छ किनारा आठवतो. पण २०१२ पासून ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयही याच गावात आहे. कोड लिहायला शिकण्यासाठी तालुक्यातल्या मुलांनी मुंबई-पुणेच गाठले पाहिजे, असे आता राहिलेले नाही. अभ्यासक्रम अर्थात विद्यापीठाचा, पुस्तके बाजारातली. म्हणून पुढचे गाऱ्हाणे कुठल्या एका कॉलेजविषयी नाही. राज्यभर स्ट्रिंगचा धडा इंग्रजी शब्दांवर सुरू होतो आणि इंग्रजी शब्दांवरच संपतो. तो मराठी शब्दांवर शिकवला पाहिजे. भाषेचा अभिमान हे त्याचे कारण म्हणून पुढे करायची गरजही नाही. मराठी शब्दाने विषय अधिक चांगला कळतो, एवढे पुरे आहे.

स्ट्रिंग म्हणजे एकापाठोपाठ एक ठेवलेली चिन्हे. आपल्याला ‘वे’ हे एक अक्षर दिसते, पण युनिकोडच्या हिशेबात ती दोन चिन्हे आहेत: व आणि मात्रा. ‘श्व’मध्ये तीन: श, पाय मोडणारा हलन्त आणि व. अशी मोजणी केली की नऊ होतात. यातले प्रत्येक चिन्ह साठवायला यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात, म्हणून नऊ त्रिक सत्तावीस. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवता जेवता आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारे अक्षर, यंत्राचे चिन्ह आणि साठवणीतला बाइट या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इंग्रजी शब्दावर शिकणाऱ्याच्या कधी ध्यानातच येत नाही. आपल्या गावाच्या नावावर शिकणाऱ्याला ते पहिल्याच तासाला कळते.

आता नाव उलटे करू. हा नवशिक्यांचा नेहमीचा सराव. पायथनमध्ये तो एका ओळीत होतो आणि पडद्यावर येते: ‘रव्शेणळेव’. हवे होते ‘रश्वणेळवे’. यंत्राने चिन्हे इमानाने उलटी मांडली. पण ‘णे’ची मात्रा जाऊन श ला चिकटली आणि ‘श्व’चे ‘व्श’ झाले. कोडमध्ये चूक एकही नाही, उत्तर मात्र चुकले. प्रोग्रॅम चालला म्हणजे बरोबर आला असे नसते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

बरे, यात मुलांनीच काय ते चुकायचे असेही नाही. एक दिसणारे अक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचे नियम युनिकोडने केलेले आहेत. त्या नियमांच्या मूळ सूत्रात ‘श्व’सारखे देवनागरी जोडाक्षर एकसंध धरले जाऊ लागले ते २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. पहिली-दुसरीच्या बाईंना हे केव्हाचेच ठाऊक होते.

खरी गंमत याच तालुक्यातल्या बोऱ्या गावाची. ‘बोऱ्या’ हे नाव टंकण्याच्या निदान तीन रीती प्रचारात आहेत. कुणी थेट ऱ वापरतो; कुणी र खाली नुक्ता देतो; जुन्या सवयीचे लोक र, हलन्त आणि मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. पहिल्या रीतीत चिन्हे सहा, उरलेल्या दोन्हींत सात. पायथनला ‘ही दोन नावे सारखी आहेत का’ असे विचारले, की तो सरळ नाही म्हणतो. आता समजा, गावांची यादी एकाने केली आणि शोधणाऱ्याने आपल्या पद्धतीने ‘बोऱ्या’ टाइप केले. गाव यादीत असूनही ‘नोंद आढळली नाही’! युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिल्या दोन रीती एक होतात. तिसरीसाठी स्वतः कोड लिहावा लागतो.

‘ॲ’चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. तोपर्यंत लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि बरेच जण आजही तसेच करतात. दिसायला दोन्ही एकच, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी आहेत आणि इथे प्रमाणीकरणही मदतीला येत नाही. म्हणजे ‘ॲडव्होकेट’ शोधणाऱ्याला अर्धेच वकील सापडायचे.

क्रम लावतानाही असाच घोटाळा होतो. युनिकोडने नागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतली आणि तिच्यात ळ हा ल च्या शेजारी बसला आहे. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. त्यामुळे पायथनची साधी क्रमवारी काळ्यांना कावळे आणि काशीकरांच्या आधी बसवते. मराठी कोशाचा क्रम पाळायचा तर काळे शेवटी. मतदारयादी असो की गुणवत्तायादी, हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मोबाइलवरच्या साध्या संदेशाचा हिशेबही स्ट्रिंगचाच: इंग्रजीत एका संदेशात १६० चिन्हे मावतात, मराठीत ७०. त्यातली नऊ एकट्या वेळणेश्वरची.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो: आधी सोपे शिकू द्या, ही भानगड नंतर. आक्षेप अगदीच फोल नाही. पहिल्या आठवड्यात नुक्ते आणि अदृश्य चिन्हे समोर आली, तर मूल बिचकेल. पण ‘नंतर’ हा तास वेळापत्रकात कधी येत नाही, हा अनुभव आहे. स्ट्रिंग संपली की लिस्ट, लिस्ट संपली की फाइल, आणि मग परीक्षा. ती मुले पुढे नोकरीला लागतात आणि सातबारा, रेशनकार्ड, शाळेचे दाखले यांच्या प्रणाली लिहितात. तिथे आडनावे मध्येच तुटतात आणि रोमन लिपीतून परत आलेले वेळणेश्वर ‘वेलनेश्वर’ होते. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली, हे स्वागतार्हच. मात्र शिकवणे मराठीत आणि उदाहरणे इंग्रजीत, असे झाले तर हा प्रश्न जिथल्या तिथे राहील.

आणि साधने तर हाताशी आहेत. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्ट्रिंग मुळातच युनिकोड असते. चलाला ‘गाव’ असे देवनागरी नाव दिले तरी चालते. देवनागरी आकड्यांत लिहिलेल्या ‘२०१२’ची संख्याही पायथन मुकाट्याने करून देतो. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये असतो. तो फक्त चालू करायचा.

परीक्षेतला प्रश्नही तयार आहे. दिलेले वाक्य उलटसुलट सारखे वाचता येते का, हे तपासणारा प्रोग्रॅम पुस्तकात इंग्रजी ‘मॅडम’वर लिहायला सांगतात. त्याला ‘नयन’ द्यावा, तो पास करील. ‘नवजीवन’ द्यावे, नापास करील, कारण वेलांटी भलतीकडे जाते. ‘रामाला भाला मारा’ दिले, तर उलटलेली ओळ लोंबत्या कान्यापासूनच सुरू होते. मग विद्यार्थ्याला आधी शब्दांमधल्या मोकळ्या जागा गाळून, चिन्हे जुळवून अक्षरे करावी लागतात आणि ती उलटावी लागतात. ‘रामाला भाला मारा’ आणि ‘ती होडी जाडी होती’ दोन्ही सुखरूप पार पडतात. त्यानंतर ‘चिमा काय कामाची’ द्यावे. तो पुन्हा अडतो, कारण पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. ती चालवून घ्यायची, तर तुलनेआधी ऱ्हस्व-दीर्घ एक करणारी ओळ वाढवावी लागते. काही मुले ती वाढवतील, काही व्याकरणाच्या बाजूने हटून बसतील, आणि प्रात्यक्षिकाचा तास त्या भांडणात कधी संपला ते कळणारही नाही.