कंबर मोडते कशाने?



कामाला लागायचे ठरले की आपण म्हणतो, कंबर कसली. पीक गेले, भाव पडला की म्हणतो, कंबरडे मोडले. आपल्या बोलण्यात शरीर आणि संसार एकाच ठिकाणी बांधलेले आहेत. ते खरेही आहे. भावावर तासभर तावातावाने बोलणारा माणूस बैठक संपली की गुडघ्यावर हात टेकून, दोन टप्प्यांत उठतो. मागच्या रांगेतल्या बाया तर कंबर धरूनच बसलेल्या असतात. या दुखण्यावर आपण कधी बोलत नाही. डोक्यावर उधारी किती, यावरही बोलत नाही. दोन्ही झाकून ठेवायच्या गोष्टी झाल्या आहेत.

संघटनेच्या पत्रकात हा विषय कशाला, असे काहीजण विचारतील. त्यांची शंका रास्त आहे. शेतकरी उधळा आहे, लग्नात खर्च करतो, व्यसन करतो म्हणून बुडतो, असे सांगणारे विद्वान पुष्कळ झाले. त्यांचे म्हणणे आपण कधी मान्य केले नाही, आजही करत नाही. तोट्याच्या धंद्यात काटकसर करून कोणी श्रीमंत होत नाही. फार तर बुडायला दोन वर्षे उशीर होतो. कर्जाचे मूळ भावात आहे, सवयीत नाही.

मग सवयीची गोष्ट कशाला? कारण लढायला ताकद लागते, आणि ती दोन ठिकाणी असते, कमरेत आणि गाठीला. कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहायची तर चार महिने घर चालले पाहिजे. कृषी केंद्राची उधारी दारात उभी असेल आणि कंबरेच्या इलाजासाठी कर्ज काढले असेल, तर पहिल्या वेच्याचा कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो. थांबण्याची ताकद नसलेल्याला बाजारात भाव मिळत नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ मधल्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकापासून ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये. म्हणजे जमिनीने दिले त्यापेक्षा अंगाने जास्त दिले. जमिनीला सातबारा आहे, बैलाला गोठा आहे, पंपाला कुलूप आहे. सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्या कंबरेची मात्र कोणी नोंदही ठेवत नाही.

आता हे दुखणे काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण न समजल्यामुळेच त्यावर पैसा सर्वात जास्त वाया जातो.

कंबर धरली की आपल्याकडे निदान ठरलेले असते: "मणक्यात गॅप आहे," "गादी सरकली," "नस दबली." माणूस घाबरतो, फोटो काढतो, फोटोत काहीतरी दिसते आणि भीती पक्की होते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दहापैकी सुमारे नऊ जणांच्या कंबरदुखीत बोट ठेवता येईल असा एखादा बिघाड सापडतच नाही. मणक्यांमधल्या गाद्या वयाप्रमाणे झिजतात, जसे केस पिकतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर मुळीच न दुखणाऱ्या हजारो माणसांचे एमआरआय तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. दुखणे कोणालाच नव्हते! तेव्हा फोटोत गॅप दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही.

दुसरा गैरसमज विश्रांतीचा. कंबर धरली की खाटेवर पडून राहा, असे वडीलधारे सांगतात. फिनलंडमध्ये याची परीक्षा झाली आणि १९९५ साली निकाल छापून आला. काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले आणि काहींना सोसवेल तेवढी रोजची कामे करत राहायला सांगितले. कामे करत राहिलेले लोक सर्वात लवकर बरे झाले, पडून राहिलेले सर्वात उशिरा. म्हणजे जड उचलणे चार दिवस टाळा, पण हिंडते-फिरते राहा. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप उतरते. आपण मात्र तिसऱ्या दिवशी इंजेक्शन घेतो, आठव्या दिवशी पट्टा बांधतो, आणि दुखणे त्याच्या वेळेने उतरले की श्रेय इंजेक्शनला देतो. जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा नको, वजन लावून कंबर ओढणे नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे. समजावून सांगणे आणि व्यायाम, यांवर तिचा भर आहे. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

काही लक्षणे मात्र अंगावर काढायची नाहीत. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिरता आली, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, रात्री पडल्यावरही ठणका थांबत नाही, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर दुखत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही दाखवा. ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का ते आधी विचारा. शेत गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर.

आता कोणी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कसला सांगता? कोरडवाहू शेतीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. पऱ्हाटी उपटून झाली की उन्हाळाभर काम थोडे. सकाळी पारावर, दुपारी सावलीत, शेतात जायचे तर मोटारसायकलवर. मग मृग लागतो आणि एका आठवड्यात पेरणी, खताची पोती, टोबणी, सगळे अंगावर येते. तीन महिने बांधून ठेवलेला बैल पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपणारा शेतकरी आपल्यात आहे का? बैलाला हळूहळू कामाला लावायचे असते हे पोरालाही कळते. स्वतःच्या कंबरेला मात्र आपण हा नियम लावत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याचा तो मान आहे. पण ज्या बाईने वाकून निंदले, ओटी बांधून वेचणी केली आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे, नळापुढे वाकली, तिच्या कंबरेची चौकशी पोळ्याला होत नाही आणि दिवाळीलाही होत नाही. १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या, त्यांच्या कष्टाला माणसासारखी किंमत मिळावी म्हणून. ती किंमत घरापासून सुरू झाली पाहिजे.

यातले करण्यासारखे सगळे बिनपैशाचे आहे. शेत दोन किलोमीटरच्या आत असेल तर पायी जा. पेट्रोलही वाचते. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवत नेऊन आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालायला लावले. दुखणे परत यायला त्यांना सरासरी २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. म्हणजे महाशिवरात्रीपासून मृगापर्यंत रोज अर्धा तास चालणे ही पेरणीपूर्व मशागतच आहे. वाकून करायच्या कामात अर्ध्या तासाने उभे राहा, हात कमरेवर ठेवून मागे वाका. निंदण आणि उभ्याने करायचे काम आलटून-पालटून घ्या. फवारणीचा १६ लिटरचा पंप काठोकाठ भरू नका, दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या. पोते उचलताना अंगाशी धरा, आणि दोघे असाल तर दोघांनी उचला. कापसाची ओटी जड होण्याआधी रिकामी करा.

आता पैशाकडे वळू. कंबरेला जे लागू, तेच गाठीला. इथेही न समजलेले दुखणे जास्त दुखते. सावकाराचे शेकडा ३ रुपये ऐकायला थोडे वाटतात. ते महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. समजा, रोखीत १,००० रुपयांना मिळणारे औषध उधारीवर १,१५० ला घेतले आणि सहा महिन्यांनी फेडले. ते वर्षाचे ३० टक्के व्याज झाले, फक्त त्याला कोणी व्याज म्हणाले नाही. रोजचा ३० रुपयांचा खर्रा वर्षाला १०,९५० रुपये होतो. खर्ऱ्याने शेती बुडाली असे मी म्हणत नाही. पण भावासाठी महिनाभर थांबायला तेवढे पैसे पुरले असते, हे म्हणतो.

यासाठी एक वही पुरे. डाव्या पानावर आले-गेले, उजव्या पानावर कोणाचे किती देणे आणि कोणत्या दराने. त्या वहीत एक रकाना घरच्या मजुरीचा ठेवा: बाईने किती दिवस निंदले, गड्याने किती दिवस डवरले. सरकार हमीभाव ठरवताना घरच्या मजुरीचा, म्हणजे एफएलचा, आकडा धरते, आणि आपल्या वहीत तो शून्य असतो. आपल्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरणारा सी-२ खर्च मिळावा, म्हणून आपण भांडतो. ज्याच्याकडे स्वतःचा आकडा नाही, तो दुसऱ्याचा आकडा खोटा कसा ठरवणार? शरद जोशींनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली तेव्हा पै-पैचा हिशेब ठेवला. शेती तोट्यात आहे हे त्यांनी आधी वहीत पाहिले, मग सभेत सांगितले. आपले आंदोलन वहीतून जन्मले आहे, हे विसरू नका.

आणि ही वही नवरा-बायकोने मिळून लिहावी. कितीतरी घरांत कर्जाचा खरा आकडा कर्ता माणूस गेल्यावर बाईला कळला. दडवलेले कर्ज रात्रीची झोप खाते. झोप गेली, घोर लागला की कंबरेचे साधे दुखणेही मुक्काम करते, हे आता डॉक्टरही मानतात. आकडा बोलून दाखवला म्हणून तो कमी होत नाही, पण त्याखाली एकट्याने वाकावे लागत नाही.

या बैठकीतून परत जाताना तीन गोष्टी ठरवून जाऊ. उद्यापासून अर्धा तास चालायचे. आठ दिवसांत वही घालायची, घरच्या मजुरीच्या रकान्यासकट. आणि पुढच्या बैठकीला ती वही घेऊन यायचे, म्हणजे क्विंटलमागे आपल्या जिल्ह्याचा खरा खर्च आपल्याच अक्षरात मांडता येईल. भाव मागायला जायचे ते ताठ कण्याने, आणि हातात आपला हिशेब घेऊन.