लाल टोपी आणि लांडग्याची वकिली

बालकथांत प्रतीके शोधण्यास आमचा विरोध नाही. परंतु त्या शोधात कथेतले मूलच हरवत असेल, तर त्यास पांडित्य म्हणावयास आम्ही तयार नाही. ‘लाल टोपीवाली’ या युरोपीय कथेच्या वाट्याला नेमके हेच आले आहे.

एरिक फ्रॉम यांनी १९५१ साली मुलीची लाल टोपी हे ऋतुप्राप्तीचे आणि तिच्याजवळची मद्याची बाटली हे कौमार्याचे प्रतीक ठरविले. उपपत्ती चतुर खरी. पण तिचा पाया कच्चा आहे. टोपी आली ती शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या संग्रहातून. बाटली आणि ‘वाट सोडू नकोस’ हा आईचा उपदेश ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पाठातला. फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या कथेत यांपैकी काहीच नव्हते, हे इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. जे लोककथेत नव्हतेच, ते लोकमनाचे गूढ कसे ठरावे?

इतके चुकले असते तरी आम्ही गप्प बसलो असतो. परंतु ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली याच्याही पुढे मजल मारली. पेरोची नायिका पळत नाही, प्रतिकार करीत नाही. तेव्हा ती एक तर मूर्ख असावी किंवा भुलविले जाण्याची तिचीच इच्छा असावी, असा त्यांचा निष्कर्ष! ती एक लहान मूल आहे आणि अंथरुणात आपली आजीच आहे असे तिला वाटते, हा साधा तिसरा पर्याय या विद्वानांस सुचू नये काय?

वस्तुतः कथेचे मर्म उघडेच आहे. हात एवढे लांब का, कान एवढे मोठे का, दात एवढे मोठे का, असे ती विचारते. तिच्या डोळ्यांना सारे दिसत असते. पण आजीच्या वेषावर तिचा विश्वास असतो. निरागसता हरपते ती याच जागी, आणि ती हिरावून घेतो तो लांडगा. पेरोच्या कथेत मुलीला सोडवावयास कोणी शिकारी येत नाही. शेवटच्या बोधात तोही मुलींना दोष देतो. पण गोडबोले, सौम्य लांडगेच सर्वांत घातकी, हेही तो स्पष्ट बजावतो. म्हणजे त्याने लांडग्याला लांडगा म्हटले. आधुनिक भाष्यकारांनी त्याचे वकीलपत्र घेतले.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या घरी आजी बहुधा दूर गावी असते, आणि गोष्ट सांगण्याचे काम आईबापांवर येते. ‘ती पळाली का नाही?’ असे एखाद्या रात्री मुलाने विचारलेच, तर त्यांनी निःशंकपणे सांगावे: ‘बाळ, तिला तो आजीच वाटला. चूक लांडग्याची.’ जे मूल हे उत्तर ऐकून झोपेल, ते पुढे कधी स्वतःवर तसा प्रसंग आला तर घरी येऊन सांगावयास कचरणार नाही. प्रतीकांचा अर्थ लावण्यास पुढे उभे आयुष्य आहे.